सिग्नलच्या पलीकडचा थांबा

आईने बसने जाणं सोडलं ते गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे, असं आम्ही सगळ्यांना सांगत असू. खरं कारण वेगळं होतं. ऑपरेशननंतर ती छान चालत होती, जिनेसुद्धा चढत होती. पण एका संध्याकाळी सियालदहजवळ बस रस्त्याच्या मधोमध थांबली, आई उतरायला लागली, आणि तिचा पाय जमिनीला टेकायच्या आत डावीकडून एक ऑटो सुसाट निघून गेली. कंडक्टरने दंड धरून मागे ओढलं म्हणून ती वाचली. घरी येऊन तिने चहा केला, आम्हाला दिला आणि म्हणाली, "बास झाली आता बस."

हे तिने म्हणावं याचं मला फार वाईट वाटलं, कारण आईचं हे शहर बसच्या खिडकीतूनच तिचं झालं होतं. लग्न होऊन साताऱ्याहून ती कोलकात्याला आली ती बाबांच्या बँकेतल्या नोकरीपायी. बंगालीचा गंध नव्हता. दुकानांच्या पाट्या वाचत वाचत ती अक्षरं शिकली आणि शेजारच्या बायकांच्या गप्पांतून भाषा. माझ्या लहानपणी आम्ही उतरायला उठलो की कंडक्टर बसच्या पत्र्यावर थाप मारून ड्रायव्हरला ओरडायचा, "आस्ते, लेडीज! कोले बाच्चा!" म्हणजे बाई उतरतेय, कडेवर मूल आहे, सावकाश. ते मूल म्हणजे मी. मी चांगली शाळेत जायला लागले तरी आई मला उतरताना कडेवर घ्यायची. "अगं, तेवढीच बस नीट थांबते," म्हणायची.

मी पुढे वाहतूक इंजिनिअर झाले. माझं काम म्हणजे गाड्या भरधाव जाव्यात अशी सोय करणं, असं पुष्कळांना वाटतं. मला मात्र बस नीट थांबावी आणि नीट निघावी एवढंच हवं असतं. आम्ही राहतो त्या सॉल्ट लेकमध्येच, ऑफिसांच्या रस्त्यावरचा एक चौक आमच्या गटाकडे आला तेव्हा मला मनातून उड्या माराव्याशा वाटल्या.

त्या चौकाचं दुखणं साधं होतं. बसचा थांबा सिग्नलच्या अगदी अलीकडे, एका मोठ्या कृष्णचुड्याच्या, म्हणजे आपल्या गुलमोहराच्या, सावलीत. दिवा हिरवा व्हायचा तेव्हा बस माणसं घेत असायची. माणसं घेऊन होईपर्यंत दिवा लाल. मागे दुसरी बस, मग तिसरी. कडेला ऑटोंची रांग, त्यामुळे बस कडेला लागायचीच नाही, रस्त्याच्या मध्यावर उभी राहायची. आम्ही ठरवलं की थांबा सिग्नल ओलांडल्यावर घ्यायचा, ऑटो त्याच्या मागच्या गल्लीत उभ्या करायच्या, आणि बस चौकाजवळ आल्याचं सिग्नलला कळून हिरवा दिवा तिच्यासाठी थोडा जास्त टिकेल अशी व्यवस्था करायची.

चौकावरच्या ट्रॅफिक पोलिसांच्या सार्जंटना हे पटलं नव्हतं. पांढऱ्याशुभ्र गणवेशातला, घामाने डबडबलेला, पण विनोदी माणूस. बंगालीत म्हणाले, "दीदी, दिवा तुमचं ऐकेल. बस ऐकेल. पण माणसं?"

चाचणीच्या सकाळी त्यांचंच खरं ठरलं. नव्या थांब्यावर पाटी होती, जमिनीवर पिवळे पट्टे होते, आणि चिटपाखरू नव्हतं. सगळी माणसं झाडाखालीच उभी! पहिली बस सांगितल्याप्रमाणे चौक ओलांडून गेली, तर अख्खी गर्दी पिशव्या सावरत, हात हलवत तिच्यामागे चौकातून धावत सुटली. सार्जंट दोन्ही हात पसरून शिट्ट्या मारत मध्ये उभे. पुढच्या बसच्या ड्रायव्हरने ते पाहिलं आणि शहाणपणाने जुन्याच जागी थांबला. त्याच्या मागचाही.

आम्ही ओरडून सांगत होतो, "एखाने ना, ओपारे!" इथे नाही, पलीकडे! लोक मान डोलवायचे आणि तिथेच उभे राहायचे.

"दुपारपर्यंत बघू," सार्जंट कपाळ पुसत म्हणाले. "नाहीतर सगळं पूर्ववत. माझ्या चौकात कुणी गाडीखाली यायला नको."

त्यांचं चूक नव्हतं. मी पाण्याची बाटली उघडली आणि प्यायचं विसरून तशीच हातात धरून उभी राहिले. तेवढ्यात फोन वाजला. आई.

"अगं, तुझा तो नवा थांबा सिग्नलच्या पलीकडेच ना?"

"हो. पण आई, आत्ता मी—"

"मग कंडक्टरला तसं सांगते. हा ऐकतच नाहीये, झाडापाशी उतरा म्हणतोय."

मला कळेना. "तू कुठे आहेस?"

"बसमध्ये," आई म्हणाली आणि फोन बंद झाला.

बस चौकात आली. दिवा लाल व्हायच्या बेतात होता, पण झाला नाही. बससाठी थांबून राहिला. बस एका दमात पलीकडे गेली आणि फुटपाथला अगदी चिकटून उभी राहिली. आधी छत्री बाहेर आली, मग आई. तिने पाय थेट फुटपाथवर ठेवला. मागून मराठी मंडळातल्या तिच्या दोन मैत्रिणी उतरल्या, एकीच्या हातात डबा. इतक्या महिन्यांनी ही बाई बसने आली होती, आणि मला पत्ताही नव्हता.

"अशी का बघतेस?" आई म्हणाली. "तू केलंयस म्हटल्यावर आपल्या माणसांनी बघायला नको? पण इथे सावली कुठेय गं?"

"तेच राहिलंय," मी म्हटलं. "छप्पर यायचंय. आणि इथे कुणी उभंच राहत नाहीये."

आईने चौकापलीकडच्या गर्दीकडे पाहिलं, मैत्रिणींकडे पाहिलं. "उघडा गं छत्र्या," ती म्हणाली. तीन रंगीत छत्र्या उघडल्या. तिघी पिवळ्या पट्ट्यापाशी उभ्या राहिल्या, डबा उघडला आणि चकल्या खात गप्पा मारू लागल्या. एक कॉलेजची मुलगी थबकली. आई तिला अस्सल सातारी ठसक्याच्या बंगालीत म्हणाली, "आशुन, आशुन, बास एखानेइ थामबे." ये, बस इथेच थांबणार. मुलगी हसून छत्रीखाली आली. मग एक गृहस्थ आले. मग ऑफिसला निघालेला एक घोळका. झाडाखालची माणसं माना उंचावून बघायला लागली, की पलीकडे रांग लागलीय आणि आपण इथे काय करतोय! पादचाऱ्यांच्या दिव्यात हिरवा माणूस दिसताच दहा-बाराजण रस्ता ओलांडून आले. पुढच्या बसला झाडाखाली थांबायचं कारणच उरलं नाही.

सार्जंट चौकातूनच ओरडले, "माशीमा, उद्या पण याल ना?" माशीमा म्हणजे मावशी.

"छप्पर घातलंत तर येईन!" आई ओरडली. मंडळी हसली. मीही इतकी हसले की डोळ्यांत पाणी आलं, आणि ते सगळंच हसण्याचं नव्हतं.

दुपारी सार्जंट चकली खात माझ्यापाशी आले. "बसेस दिव्याला अडकत नाहीत," ते म्हणाले, जणू मला ही बातमी नवीन असावी. "ड्रायव्हर मला सलाम करून जातायत." चाचणी चालू राहिली. पुढे ती कायमच झाली. छप्पर आलं, ऑटोवाल्यांनाही कळलं की बसमधून उतरलेला माणूस सरळ आपल्याकडेच येतो. मग गल्लीत उभं राहावं लागल्याची त्यांची कुरकुर थांबली.

परवा आई आणि मी त्याच थांब्यावर उभ्या होतो. तिला मंडळात जायचं होतं, मला सुट्टी होती. झाडाखाली बसणारा झालमुडीवाला, म्हणजे इकडचा भेळवाला, आता आपलं सगळं बिऱ्हाड घेऊन पलीकडून इकडे आलाय. कुणी सांगितलं नाही त्याला. त्याने आमच्यासाठी कांदा-मिरची घालून कागदाचे कोन भरायला घेतले, तेवढ्यात आमची बस येऊन कडेला लागली.

"चल, चल," मी म्हटलं.

आई झालमुडीच्या डब्याकडे बघत होती. "जाऊ दे ही," ती म्हणाली. "मागून येतेयच की दुसरी. भैया, थोडं मोहरीचं तेल अजून."