आम्ही गव्हाळ आणि कृष्णवर्णीय लेखकांचा सत्कार

आमच्या वाचनकट्ट्यावर महिन्याला पुस्तकं चारच वाचून होतात, किस्से मात्र आठवड्याला चार घडतात. लिहून कोणी ठेवत नाही. लिफ्टमध्ये एकीने सुरुवात करायची आणि बाविसावा मजला येईपर्यंत दुसरीने संपवायचं, अशी आमची पद्धत. यंदाच्या कार्यक्रमाचे इतके साठले, की लिफ्ट पुरेना!

कट्टा म्हणजे अबूधाबीत अल रीम आयलंडवरच्या आमच्या टॉवरची पार्टी रूम. दर शनिवारी मराठी घरांतली मुलं तिथे जमतात. चालवणारे तिघं. मी मीनल, श्रीवर्धनच्या रुखसानाभाभी आणि साठे काका. काका रुवैसच्या रिफायनरीतून रिटायर होऊन आता मुलाकडे राहतात.

यंदा मुलांसाठी लिहिणाऱ्या कृष्णवर्णीय लेखकांचा सन्मान करायचा, ही कल्पना माझ्या लेकीची, इराची. वय वर्षं अकरा. एका अमेरिकन लेखिकेचं पुस्तक तिला इतकं आवडलं होतं, की जेवतानाही ते बाजूला ठेवत नव्हती. त्यातली मुलगी काळीभोर आणि पोहण्यात पटाईत.

त्याच आठवड्यात इराने शाळेच्या स्विमिंग टीमचा फॉर्म माझ्यापुढे ठेवला. प्रॅक्टिस दुपारी तीनला, उघड्या पूलमध्ये. मी म्हटलं, "आधी एक्झाम्स होऊ देत." खरं कारण ते नव्हतं. इरा सावळी आहे, माझ्यावर गेलीये, आणि सावळ्या मुलीला लग्नघरात काय काय ऐकावं लागतं ते मी पुरेपूर ऐकलंय. ती आणखी रापू नये, एवढंच मला हवं होतं. फॉर्मची मुदत कार्यक्रमानंतरच्या सोमवारपर्यंत होती.

*

पहिली मीटिंग बॅनरवर अडली.

"'काळे लेखक' कसं लिहायचं? बरं दिसत नाही," साठे काका म्हणाले. "'सावळे' लिहू."

"गव्हाळ लिखो ना काका," रुखसानाभाभी म्हणाल्या. "किसी को बुरा नहीं लगेगा."

अर्धा तास आम्ही तिघं जगातल्या सगळ्या छटा चाळत बसलो. शेवटी इराने पुस्तकातून डोकं वर काढलं. "दे कॉल देमसेल्व्ज ब्लॅक, आजोबा. इट्स नॉट अ गाली." काकांनी निमूटपणे 'कृष्णवर्णीय' लिहिलं. शब्द शुद्ध होता, त्यामुळे सगळ्यांना बरं वाटलं.

*

पुस्तकांची यादी माझ्याकडे होती. पूलजवळच्या बाकावर मी एका नव्या शेजारणीला इराचं पुस्तक समजावून सांगत होते. मुलींना स्वतःच्या रंगाचा अभिमान कसा वाटला पाहिजे, प्रतिनिधित्व किती महत्त्वाचं आहे, वगैरे. चांगली दहा मिनिटं बोलले. समोर इरा सायकल फिरवत होती. मी त्याच दमात ओरडले, "इरा, सावलीत ये, काळी पडशील!"

शेजारीण पुस्तकाकडे बघायला लागली. पलीकडे पेपर वाचणारे साठे काका म्हणाले, "मीनल, ते पुस्तक दुसऱ्यांना समजावण्याआधी तू परत एकदा वाच."

माझं काय चुकलं ते मला कळलं होतं. पण मी दोन्ही वाक्यं मनापासून बोलले होते, त्याचं काय करायचं ते कळत नव्हतं.

*

मुलांनी आवडत्या लेखकाचा वेश करून यायचं, असं भाभींनी सुचवलं. त्या स्वतःच्या मुलीला रोज बेसन-हळद लावणाऱ्या. त्यांनीच ग्रुपवर विचारलं, "बच्चों को डार्क फाउंडेशन लावायचं असेल तर कोणती शेड आणू?"

हे चुकीचं आहे हे सगळ्यांना जाणवत होतं, पण का ते नेमकं कोणाला सांगता येईना. मी लिहायचे, खोडायचे. माझ्या खांद्यावरून वाचत इरा म्हणाली, "टेल हर आय ॲम ऑलरेडी रेडी."

ती हसत म्हणाली. मला रडू आलं. वेशभूषा खलास केली.

*

सजावट साठे काकांची. त्यांनी सहा लेखकांचे फोटो मोठे छापून आणले, ओळीने टेबलावर मांडले, प्रत्येकाला झेंडूचा हार घातला आणि पुढे समई ठेवली. सन्मान म्हणजे हार, हा त्यांचा साधा हिशोब.

आमचा सिक्युरिटी गार्ड मोझेस युगांडाचा. चार वर्षं इंडियन लोकांच्या टॉवरमध्ये काढल्यामुळे त्याला आपलं सगळं कळतं. दार उघडून तो आत आला, फोटो बघितले आणि टोपी काढली.

"सॉरी फॉर युअर लॉस, मॅडम," तो हळू आवाजात म्हणाला. "ऑल सिक्स टुगेदर?"

सहाही जण ठणठणीत होते. त्यातली एक, इराच्या पुस्तकाची लेखिका, तर संध्याकाळी झूमवर येणार होती. हार उतरवता उतरवता भाभींनी त्याला विचारलं, "ये सब आपके उधर के हैं ना? पहचानते होगे?"

"मॅडम, ही बाई अमेरिकन आहे," एका फोटोवर बोट ठेवत मोझेस हिंदीत म्हणाला. "तुम्ही पूर्ण पाकिस्तानला ओळखता का?" जाताना मात्र त्याने इराचं पुस्तक मागून नेलं. त्याची मुलगी कंपालाला असते, तिला फोनवर वाचून दाखवायला.

*

संध्याकाळी लेखिका स्क्रीनवर आली. शाल-श्रीफळ देणं भागच होतं. भाभींनी शाल लॅपटॉपला पांघरली आणि कॅमेरा झाकला गेला. आतून आवाज आला, "हॅलो? आर यू देअर?" आम्ही टाळ्या वाजवल्या. शाल काढली. नारळ माझ्या हातात राहिला.

मग मुलांचे प्रश्न सुरू झाले. तुम्ही किती वेळ लिहिता, मांजर पाळता का, असं चाललं होतं. इरा उठली. तिने इंग्लिशमध्ये शांतपणे विचारलं, "पुस्तकातली मुलगी भर दुपारी पोहायला जाते आणि तिची आई काहीच म्हणत नाही. तेवढा भाग खरा आहे, की तुम्ही मनाने रचलात?"

लेखिका हसली. मग हसायची थांबली.

"तुझी आई तिथे आहे का?" तिने विचारलं.

साठे काकांनी लॅपटॉप उचलून माझ्याकडे वळवला. सगळी मुलं वळली, आयाही वळल्या. लेखिकेने मला हात केला. मीही केला, नारळासकट.

"हॅलो," मी म्हटलं. "ॲक्च्युअली तिच्या एक्झाम्स चालू आहेत."

"आई," इरा म्हणाली, "एक्झाम्स गॉट ओव्हर लास्ट वीक."

तिने खिशातून स्विमिंगचा घडी केलेला फॉर्म काढून टेबलावर ठेवला. लेखिका स्क्रीनवर तशीच वाट बघत होती. साठे काकांनी खिशाचं पेन काढलं आणि माझ्यापुढे धरलं.