साहेबापुढची चाल

उदगीरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, सगळे त्यांना मेजर म्हणतात. फौजेत ते साधे जवान होते. लढाईत बॉम्बचा तुकडा गुडघ्यात शिरला, तेव्हापासून डावा पाय ओढत चालतात. चहाच्या टपरीवर तो पाय दुसऱ्या स्टुलावर ठेवून सांगतात, "ही शीट रिझर्व हाय." लढाईतल्या जखमेनं पाय अधू झाला, एवढं सरकारनं मान्य करावं, म्हणून म्हातारपणीही खेटे घालतात.

परवा लातूरला फौजी डॉक्टर तपासणार होते. शेजारी म्हणून मी सोबत गेलो. बसमध्ये बजावलं, "मेजर, रोज चालता तसंच आत चाला."

"व्हय रे, किती येळा सांगतोस!"

दारापर्यंत ते लंगडतच आले. आतून हाक आली आणि त्यांची पाठ ताठ झाली. दात आवळून कवायतीच्या चालीनं ते टेबलापर्यंत गेले आणि खाडकन सलाम ठोकला.

"चाल तर उत्तम आहे," म्हणत डॉक्टरांनी शेरा लिहिला.

बाहेर मी भडकलो. "ज्यांना तुमची जखम दिसत नाही, त्यांना सलाम कशाला?"

मेजर भिंतीला टेकून गुडघा चोळत होते. "साहेबापुढं लंगडत जायचं मला जमत न्हाई रे," ते ओशाळून म्हणाले. "जा, परत कवा बोलावत्यात ते इचारून ये."