लीलाबाईंची एक ओळ

कासार आंबोलीच्या कुशाबा पैलवानांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत होती. गावानं गौरवअंक काढायचं ठरवलं आणि त्यांचं चरित्र लिहायचं काम आपसूक सुनेकडं आलं. गौतमी पिरंगुटला शाळेत मराठी शिकवते. तिनं पौडच्या जत्रेतली ती गाजलेली कुस्ती अगदी रंगवून लिहिली. हलगी कडाडली, माती उडाली, पैलवान भिडले. पानांमागून पानं झाली. मग शेवटी एक ओळ: ‘पुढे पत्नी लीलाबाईंनी तीस वर्षं कोथरूडला दूध घालून संसार सावरला.’

दुपारी ओसरीवर तिनं ते वाचून दाखवलं. कुशाबा खूश. लीलाबाई लसूण सोलत होत्या.

“कुस्ती किती येळ चालली वं?” त्यांनी नवऱ्याला विचारलं.

“येळ कसला! भिडलो आन चितपट. निम्म्या लोकास्नी दिसली बी न्हाई.”

“मग तिला चार पानं, आन माझ्या तीस वर्सांला एक वळ?”

“तुज्या दुधात सांगन्यासारखं काय हाय?” कुशाबा हसले.

गौतमी हसली नाही. अंक उद्या छापायला जाणार होता. एकदा छापलं की सासूबाई तेवढ्याच उरणार.

“आत्या, एखादा खास दिवस सांगा ना.”

“शंभूच्या येळंला सकाळी दूध घातलं आन सांजच्याला बाळंत झाले. त्यो घे. पर त्यो एकच दिस, पोरी. बाकीचे सारे सारकेच. त्ये कुटं गेले म्हनायचे?”

इथं गौतमीचं पेन अडलं. सारखेच दिवस लिहावेत तर वाचणारा जांभई देणार. गाळावेत तर बाईच गळणार. नाटकात पडदा पडून वर गेला की दहा वर्षं सरतात आणि प्रेक्षक बिनतक्रार मानतात. ती दहा वर्षं जगणारी मात्र पडद्याआडच राहते.

संध्याकाळी तिनं कुस्ती एका परिच्छेदात उरकली आणि कागदावर सासूबाईंना पहाटेच्या एसटीत चढवलं. प्रवास एकच. आंबोलीला चढून त्या खिडकीशी बसल्या, तेव्हा शंभू पोटात होता. पिरंगुट येईतो तो शाळेत जाऊ लागला. भुकूमला बाहेर भाताची खाचरं होती, भूगावला तिथं इमारती उभ्या राहिल्या. चांदणी चौकात केस पिकले. कोथरूडला त्या उतरल्या, तर घरोघरी पिशवीचं दूध आलं होतं.

वाचून झाल्यावर कुशाबा म्हणाले, “माजी कुस्ती आटपली बी?”

“तितं तरी कुटं लांबली व्हती?” लीलाबाई म्हणाल्या. मग सुनेकडं वळून, “पुन्यांदा वाच.”

तिनं वाचलं.

“समदं बराबर हाय. पर खिडकीशी कुटली बसतीया मी? गाडी पौडातनंच भरून यायची. तीस वर्सं उभ्यानंच गेले.”

गौतमीनं खिडकी खोडली आणि त्यांना दाराशी, दोन्ही पायांत किटल्या धरून, उभं केलं.