विळीपाशी बसून काढलेला नंबर

चष्मा टेबलावर ठेवून बाई म्हणाल्या, “ह्यो परत घ्या डॉक्टर. दुसऱ्या कोनाला तरी व्हईल.”

मी डॉक्टर नाही. डोळे तपासून चष्म्याचा नंबर काढणारा ऑप्टोमेट्रिस्ट आहे. पण म्हसळ्याकडे दवाखान्यातला कोट घातलेला प्रत्येक माणूस डॉक्टरच असतो, आणि बावीस वर्षांत ही चूक दुरुस्त करणं मी सोडून दिलंय.

आमचा दवाखाना एका ट्रस्टचा. सकाळी नऊ ते दोन ओपीडी, साठेक पेशंट. “हे वाचा. आता बरं की मघाशी बरं?” एवढं म्हणत मी दिवस काढायचो. चाळिशीनंतर जवळचं दिसेनासं होतं आणि त्याला लागणारा नंबर बहुतेकांचा वयाप्रमाणे वाढत जातो. पन्नाशीला दोनच्या आतबाहेर, पंचावन्नला सव्वादोन, साठीला अडीच. माणूस खुर्चीत बसायच्या आत मी केसपेपरवरचं वय बघून नंबर लिहून मोकळा व्हायचो. मग हातात बारीक अक्षरांचं कार्ड द्यायचं. त्याने वाचलं की पुढचा पेशंट. नंबर चुकत नसे. मला मात्र कामावर यायचा इतका कंटाळा येऊ लागला होता की पनवेलला मेहुण्याच्या दुकानात काउंटरवर बसायचं मी जवळजवळ ठरवलं होतं.

त्यात या सुगंधाकाकी. वय सत्तावन्न, तळा तालुक्यातल्या एका खेड्यातून दोन गाड्या बदलून आलेल्या. तिथल्या शाळेत त्या मुलांचं दुपारचं जेवण करायच्या, अकरा वर्षं. डाव्या हाताच्या बोटाला चिंधी बांधलेली होती.

“सवय व्हायला वेळ लागतो, काकी,” मी नेहमीचं वाक्य टाकलं.

“तीन म्हयने झाले. दोनदा बोट कापलं. मागल्या आठवड्यात भातात खडा ऱ्हायला, पयलीतल्या पोरीच्या दाताखाली आला. तिची आय शाळेत आली भांडायला.”

“मग?”

“हेडमास्तर चांगला मानूस हाय. म्हनला, काकी, आता आराम करा. म्हनला, पंधरा दिस बघू, न्हायतर दुसरी बाय ठेवू.” त्यांनी बोटावरची चिंधी घट्ट केली. “आराम करून करू काय? घरी मी एकटी. शाळेत साठ पोरं इचारतात, काकी आज काय हाय. घरी कोन इचारनार?”

मी कार्ड त्यांच्या हातात दिलं. काकी चौथी शिकलेल्या. चष्मा लावून शेवटची, सगळ्यात बारीक ओळसुद्धा त्यांनी न अडखळता वाचली.

“नंबर बरोबर आहे,” मी म्हणालो. बाहेर कंपाउंडर पुढचं नाव पुकारत होता.

काकींनी मान हलवली, पिशवी उचलली. “नंबर बराबर हाय तर मीच चुकत आसन.”

त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. त्यांनी खरोखरच ते मान्य केलं होतं, आणि ते मला सहन झालं नाही. का, ते तेव्हा कळलं नव्हतं. एवढंच आठवतं की मी त्यांना दारातून परत बोलावलं आणि कधीच विचारला नव्हता असा प्रश्न विचारला.

“काकी, भाजी चिरता कशी? दाखवा.”

“कशी म्हंजे? विळीवर.”

“बसून दाखवा.”

त्या लाजल्या, पण खाली फरशीवर बसल्या. एक पाय दुमडून विळीच्या पाटावर ठेवतात तसा ठेवला आणि हात पुढे केले. मी वरून बघत होतो. त्यांचे हात डोळ्यांपासून केवढे लांब होते! मी आमच्या चहावाल्या मावशींकडून खरीखुरी विळी मागवली, एक दुधीही आला. टेप काढून मोजलं. डोळ्यांपासून पात्यापर्यंत सव्वीस इंच.

कार्ड आम्ही सोळा इंचांवर धरायला देतो. पेपर वाचायचं ते अंतर. आता चष्म्याचं गणित असं, की जवळचा नंबर जितका जास्त, तितकं स्पष्ट दिसायचं अंतर डोळ्यांच्या जवळ येतं. सव्वादोनच्या चष्म्याने सोळा इंचांवरचा पेपर झकास दिसतो आणि सव्वीस इंचांवरचं पातं पुसट होतं. मग बाई वाकते, मान खाली घालते, आणि बोट पात्यावर जातं. सुपातला तांदूळ निवडतानाही तेच. मी सुगंधाकाकींना पेपर वाचायचा चष्मा दिला होता. पेपर त्या वाचतच नव्हत्या.

मी कार्ड विळीच्या पात्याला टेकवून उभं केलं. “आता वाचा.”

“न्हाय दिसत,” त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून हळूच, “म्हंजे मी न्हाय चुकत?”

“तुम्ही नाही. मी चुकलोय.”

ट्रायल फ्रेम म्हणजे भिंगं बदलून बघायची जड गोल फ्रेम. ती त्यांच्या डोळ्यांवर चढवली आणि मीही समोर फरशीवर मांडी घातली. दोन. पावणेदोन. दीडवर त्यांनी दुधी हातात घेतला आणि सरसर चिरायला लागल्या. एकसारख्या फोडी पडायला लागल्या. त्यांच्या चेहऱ्यावरची भीती गेलेली मी समोर बसून पाहिली.

तेवढ्यात आमच्या मॅडम, डोळ्यांच्या सर्जन, आत आल्या.

“हे काय चाललंय? बाहेर चाळीस जण बसलेत.”

“नंबर काढतोय, मॅडम.”

“दुधीचा?”

मी सगळं सांगितलं. मॅडमनी टेप बघितली, विळी बघितली. “आणि वाचायला काय करणार या?”

“वाचायला येळ कोनाला हाय?” काकी म्हणाल्या.

मॅडम हसू दाबत बाहेर गेल्या. जाताना म्हणाल्या, “नियमात एकच चष्मा बसतो. जुना जमा करून घ्या आणि विळी आधी उचला.”

पंधरा दिवसांतले सहा गेले होते, त्यामुळे ऑर्डर देऊन थांबण्यात अर्थ नव्हता. तयार चष्म्यांच्या खोक्यात दीडचा एकच निघाला, काळ्या जाड फ्रेमचा, पुरुषी.

“पोरं हसतील,” काकी म्हणाल्या.

“हसू द्या.”

दीड महिन्याने त्यांच्या शाळेच्या व्हरांड्यात आमचं शिबिर होतं. काकी स्वयंपाकघरातून तो काळा चष्मा लावून आल्या. बोटाची चिंधी गेली होती. हेडमास्तर म्हणाले, “मुदत देऊन मीच विसरलो. खडा काय, आता तिखटातली काडीसुद्धा यांच्या नजरेतून सुटत नाही.” जेवणं आटोपल्यावर काकी माझ्या टेबलाशेजारी स्टूल ओढून बसल्या आणि रांगेतल्या प्रत्येकाला विचारायला लागल्या, “तू दिसभर करतोस काय? ह्यांना सांग. मग डोळं तपासून घे.” गवंडी आला, टोपल्या विणणारा आला, गजरे करणारी आली. टेप काढून प्रत्येकाचं अंतर मोजलं. संध्याकाळी पाठ दुखत होती. पण किती वाजले ते मी दिवसभरात एकदाही बघितलं नव्हतं. मेहुण्याला त्याच आठवड्यात फोन करून नाही म्हणून सांगितलं.

कंटाळा आला की माणूस जागा बदलायचं बघतो. मीही तेच बघत होतो. पण कंटाळा यायचं कारण साधं होतं: मी वयं तपासत होतो, माणसं तपासतच नव्हतो.

काकी परत आल्या म्हणून मला कळलं. इतके चष्मे दिले, त्यातले किती जण परत आले नसतील? तेव्हापासून शनिवारी ओपीडी संपली की मी जुनी रजिस्टरं काढून फोन करत बसतो. पहिला फोन तळा तालुक्यातल्याच एका आजोबांना केला होता.

“चष्मा वापरता का, आजोबा?”

पलीकडून ओशाळलेला आवाज आला, “पेटीत हाय. चष्मा चांगला हाय हो तुमचा. माझंच डोळं बिनकामाचं.”

“नाही आजोबा,” मी म्हणालो, “तुमचे डोळे ठीक आहेत. मी विचारायचं राहून गेलं होतं. तुम्ही दिवसभर काय करता?”