हिरवळीतली वाट

बंगलोरला आमच्या कारखान्याच्या वसाहतीत बाग नवी होती. तिचा माळी बेळगावकडचा, मराठी बोलणारा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. कुणी काही विचारलं, की आधी कानडी वळणाने "स्वल्प थांबा", म्हणजे जरा थांबा, म्हणायचा, हात पुसायचा आणि मगच बोलायचा.

सकाळचा भोंगा झाला, की हजेरी गाठायला आम्ही कामगार त्याच्या हिरवळीतून आडवे धावायचो. कारखान्याच्या साहेबांनी त्याला तिथे काटेरी तार लावायला सांगितली. चार दिवसांनी पाहतो तर तार नव्हतीच. आमच्या पायवाटेवर त्याने दगडी फरश्या बसवल्या होत्या.

साहेब खवळले. "तार कुठे आहे?"

"स्वल्प थांबा, सार." त्याने हात पुसले. "गवत परत येतंय. यांची हजेरी गेली तर येत नाही."

साहेब निघून गेले. फरश्या राहिल्या.

तेव्हा त्याची नोकरी कायम झालेली नव्हती, हे मला फार नंतर कळलं.