मासळीचा वास नसलेली नाव

मला किळस लवकर येते. एसटीच्या खिडकीवरचे ओघळ, हॉटेलात ओल्या फडक्याने पुसलेले टेबल, दुसऱ्याच्या ताटातला उष्टा चमचा, यातले काहीही मला दिवसभर पुरते. आमच्या घरात मांस-मासळी वर्ज्य आहे म्हणून मी असा झालो, असे लोक समजतात. तसे नाही. माझा चुलतभाऊ त्याच घरात, त्याच नियमांत वाढला आणि तो बाजाराच्या दिवशी सुकटवालीच्या शेजारी उभा राहून निवांत चहा पितो. माझे नाकच नतद्रष्ट आहे. त्या नाकाने एकदा माझ्याकडून काय करून घेतले, ते सांगतो.

खांडबाऱ्यात माझे हार्डवेअरचे दुकान आहे. रविवारी सकाळी आम्ही तिघे गावाबाहेरच्या तलावावर रिमोटच्या बोटी चालवायला जायचो. मी, आश्रमशाळेतले विज्ञानाचे सर, आणि बाजारपेठेतले वयस्कर सुतार, ज्यांना सगळे गाव चाचा म्हणते. पिकल्या केसांची माणसे हातात रिमोट धरून काठावर ओणवी झालेली पाहून म्हशीवाले हसायचे. हसेनात का. माझी आणि सरांची बोट विकतची, प्लास्टिकची होती. चाचांची त्यांनी स्वतः घडवलेली होती.

चाचांचा उजवा हात दोन वर्षांपासून कापतो. दारे, पलंग आता त्यांचा पुतण्या करतो. सकाळी उठल्यावर तासभर हात त्यातल्या त्यात स्थिर असतो, तेवढ्या तासात सागाच्या पातळ पट्ट्या एकेक जोडत त्यांनी वर्षभर ही बोट केली. दोन्ही बाजूंनी लाल पट्टी ओढली, ती एका जागी वाकडी गेली. पुसून पुन्हा ओढा, असे मी सुचवले. ते म्हणाले, “ऱ्हाऊ दे शेठ. मन्हा हातनी हाई शेवटली नाव शे.”

तलावाबद्दल काय सांगावे? लांबून छान दिसतो. जवळ गेले की काठाला हिरवी साय, त्यात निर्माल्याच्या गाठ मारलेल्या पिशव्या, फुगलेल्या वाती, कुणाची तरी चप्पल. देवाला वाहिलेले असले म्हणून काय झाले, कुजले की ते कुजकेच. मी बोट पाण्यात सोडायचो ती दोन बोटांनी, आणि मग खिशातल्या बाटलीतल्या पाण्याने हात धुवायचो. सर मला त्यावरून चिडवायचे.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी चाचांची बोट पलीकडच्या अंगाला गेली आणि जलपर्णीत अडकली. पंख्यात मुळे गुंडाळली गेली, मोटर दोनदा घरघरली आणि बंद पडली. एरवी बोट अडकली की आम्ही टेनिसच्या चेंडूला दोरी बांधून तिच्या पलीकडे फेकायचो आणि ओढून आणायचो. या वेळी चेंडू निम्म्यातही पोचेना. त्या बाजूला काठही नाही. बांधाची उंची वाढवली तेव्हा तिथली बाभळीची झाडे पाण्याखाली गेली, ती अजून तशीच उभी आहेत.

तलावात मासेमारी करणारा माणूस त्या वेळी काठावरच होता. खांद्यावर पिशवी, अंगात इस्त्रीचा सदरा. अक्कलकुव्याकडे नात्यातल्या लग्नाला निघाला होता, आठवडाभर येणार नव्हता. त्याने आमच्याकडे पाहिले, बोटीकडे पाहिले आणि म्हणाला, “मन्ही नाव लई जा. वल्हं झाडले टांगेल शे.” एवढे बोलून तो स्टेशनच्या वाटेला लागला.

सरांना पोहता येत नाही. चाचांच्या हाताने वल्हे मारता येत नाही. विहिरीत पोहायला शिकलेला असा मी एकटाच. म्हणजे जायचे ते मलाच होते.

मी त्या नावेपाशी गेलो. पत्र्याची, खालून डांबर फासलेली, चांगली मजबूत नाव होती. आत वीतभर काळे पाणी साचले होते. कडांना खवले चिकटून वाळले होते, आणि कोपऱ्यात जाळ्याच्या तुकड्यात काहीतरी मरून पांढरे पडले होते. वास आला आणि मी खिशातला रुमाल काढून नाकाला लावला. यात बसायचे, या पाण्यात पाय ठेवायचे, त्या कडांना हात लावायचा. मी मागे सरलो.

“चाचा,” मी म्हणालो, “आपण एक चांगली नवी नाव मागाडूत. नेहमीना कामले ई.”

“हाई नाव शे ना,” चाचा म्हणाले.

“हिना पत्रा गळस,” मी म्हणालो.

हे धादांत खोटे होते. आत पाणी साचून राहिले होते, म्हणजे पत्रा गळत नव्हता, हे शेंबड्या पोरालाही कळले असते. जन्मभर लाकूड आणि पत्रा हाताळलेल्या माणसाला मी हे सांगत होतो. चाचांनी नावेकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले.

मग माझ्या दुकानात काउंटरवर मोबाईल ठेवून बचावाची नाव निवडण्याचा सोहळा सुरू झाला. सरांना अशा वेळी चेव येतो. त्यांचे पहिले म्हणणे, रिमोटचीच एक दणकट बोट घ्यावी, तिला पुढे आकडा लावावा आणि तिने अडकलेली बोट ढकलत आणावी. तीही जलपर्णीत अडकली तर? सरांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, “मग तिच्यासाठी तिसरी लागेल, शेठजी.” त्यांचे दुसरे म्हणणे, विसरवाडीच्या हायवेवरून ट्रॅक्टरची ट्यूब आणावी, वर फळी बांधावी आणि बसावे. म्हणजे माझे पाय गुडघ्यापर्यंत त्या पाण्यात लोंबणार. मी ऐकूनच पाय वर घेतले. राहिली हवेची रबरी नाव. पंपाने फुगवायची, घडी करून पिशवीत ठेवायची. फोटोत निळी, कोरी, चकचकीत दिसत होती. तिने आयुष्यात मासा पाहिलेला नव्हता. माझे ठरले.

चाचा संध्याकाळी दुकानात आले आणि त्यांनी फोटो बराच वेळ पाहिला. “शेठ, तठे पाणीमा बाभूळ शेतस. काटामा हवानी नाव टिकाव नही.”

“जाड रबर शे, चाचा.”

“बरं,” म्हणाले आणि गेले.

पार्सल यायला पाच दिवस लागले. त्या पाच दिवसांत मी रोज दुकान उघडायच्या आधी मोटरसायकलने बांधावर जाऊन बोट पाहून यायचो. पहिल्या दिवशी लाल पट्टी पाण्याच्या वर होती. दुसऱ्या दिवशी पाणी पट्टीला टेकले. लाकूड पाणी पीत होते आणि जड होत होते. चौथ्या दिवशी नुसते तिच्या केबिनचे छप्पर दिसले. पत्र्याची नाव अलीकडच्या काठावर बाभळीखाली पडलेली असायची, वल्हे वर टांगलेले. मी तिला वळसा घालून जायचो, रुमाल नाकाला लावून. या गोष्टीतले सगळ्यात ओंगळ काय असेल तर तो रुमाल.

नवी नाव आली तेव्हा मी खूश होतो, हे लिहायला लाज वाटते. खोके उघडताच नव्या रबराचा वास आला, तो मी छातीभरून घेतला. काठावर ती फुगवली, खाली स्वच्छ चादर अंथरली आणि बसलो. सर मोबाईलवर चित्रीकरण करत होते. चाचा जरा दूर उकिडवे बसले होते.

मी बोटीच्या जेमतेम वीस हातांवर पोचलो असेन, तेव्हा खालून काहीतरी खरचटल्यासारखे वाटले. मग हवा सुटल्याचा आवाज, आणि नाव माझ्या बुडाखालून मऊ होत गेली. चादरीसकट मी त्या पाण्यात गेलो. तोंडात गेले. गाळ, साय, कुजलेल्या मुळांची चव, आणि गळ्यात काहीतरी गुंडाळले गेले, तो झेंडूचा सडलेला हार होता. कसाबसा पोहत काठाला आलो आणि भडाभडा ओकलो. सर अजून चित्रीकरण करत होते. मी त्यांना जे म्हणालो ते लिहिता येणार नाही.

डोके वर केले तेव्हा चाचांनी पत्र्याची नाव पाण्यात ढकललेली होती. वल्हे झाडावरून काढून घेतले होते. ते स्वतः पुढच्या टोकाला बसले होते, पाय त्या काळ्या पाण्यात, आणि माझी वाट पाहत होते. मी जाऊन बसलो आणि वल्हे हातात घेतले. आता घाण वाटायला माझ्यात स्वच्छ असे उरलेच काय होते? काटे पत्र्यावर घासत राहिले आणि आम्ही सहज पोचलो. सगळे मिळून दहा मिनिटे लागली असतील.

छप्परही बुडाले होते. अँटेनाची तेवढी तार पाण्यावर होती. चाचांनी खांद्यापर्यंत हात घालून चाचपले आणि बोट वर ओढली. तळाच्या पट्ट्यांचे जोड उकलले होते, एक पट्टी हातातच आली. त्यांनी ती बोट नावेच्या तळाशी, खवल्यांच्या त्या पाण्यात ठेवली, आणि काठाला येईपर्यंत लाल पट्टीवरून अंगठा फिरवत राहिले.

“चाचा, पुन्हा जोडता ई का?” मी विचारले.

त्यांनी उजवा हात समोर धरला आणि आम्ही दोघांनी त्याच्याकडे पाहिले. तो कापत होता. त्यांनी तो परत मांडीवर ठेवला.

काठावर उतरल्यावर मी म्हणालो की चूक माझी आहे, मी तुम्हाला हवी तशी दुसरी बोट मागवून देतो. माझेच बोलणे मला ऐकवेना. चाचांनी उकललेली बोट दोन्ही हातांनी उचलली आणि माझ्या हातात दिली. त्यांच्या आवाजात राग नव्हता.

“तुन्हा दुकानमा ठेव, शेठ. हिले मासळीना वास नही येस.”

म्हणजे पहिल्या दिवसापासून त्यांना माहीत होते.

आम्ही त्यानंतर तलावावर गेलो नाही. बोट काउंटरच्या मागच्या फळीवर आहे. गिऱ्हाईक विचारते, विकायची आहे का. मी नाही म्हणतो. आणल्या दिवशी शटर अर्धे ओढून मी ती नाकाला लावून पाहिली होती. वास येत होता, मासळीचाच, आणि हवा दमट असली की अजून येतो. रोज सकाळी दुकानात अगरबत्ती फिरवतो, ती त्या फळीकडे नेत नाही.