नाल्यातला तुरटीचा कारखाना

गटाराचं पाणी कुणी स्वच्छ करून ठेवलं, तर त्याला शाबासकी द्यायची असते, असा वयाच्या एकसष्टाव्या वर्षापर्यंत माझा समज होता.

आमची तन्वी विद्यापीठात पर्यावरणशास्त्रात एमएस्सी करत होती. तिचा प्रकल्प म्हणजे पंचवटीत आमच्या कॉलनीमागून गोदावरीकडे धावणारा नाला. (धावणारा हे आपलं कौतुकानं. प्रत्यक्षात तो सरपटतो.) नाल्याच्या कडेला तिनं खडी-वाळूचा लांबट वाफा करून त्यात कर्दळ लावली होती. नाल्याचं थोडं पाणी वाफ्यात शिरायचं, कर्दळीच्या मुळांमधून रमतगमत जायचं आणि पलीकडून म्हणे बरंच साफ होऊन निघायचं. हे 'म्हणे' एकदा सिद्ध झालं की पोरगी पास! वर्षभर तिनं त्या कर्दळीचं जेवढं केलं, तेवढं मी तिच्या लहानपणी तिचं केलं नसेल. (माझ्या बायकोच्या, म्हणजे सुनंदाच्या मते, मी काहीच केलं नव्हतं.)

शेवटचे नमुने तन्वीनं एका रविवारी घेतले. प्रयोगशाळा उघडणार सोमवारी, म्हणून दोन दुधी रंगाच्या बाटल्या आमच्या फ्रिजमध्ये मुक्कामाला आल्या. एकीवर चिठ्ठी 'आधी', म्हणजे वाफ्यात शिरण्याआधीचं पाणी, दुसरीवर 'नंतर'.

"पप्पा, फ्रिजमधल्या त्या बाटल्या राहू द्या तशाच," असं बजावून ती मैत्रिणीकडे गेली.

आता हे कुणाला सांगावं? एकलहऱ्याच्या वीज केंद्रात पाणी शुद्ध करायच्या खात्यात मी तीस वर्षं काढली. तिथल्या बॉयलरला मी कधी गढूळ पाण्याचा घोट पाजला नाही! आणि माझ्याच फ्रिजमध्ये, श्रीखंडाच्या शेजारी, हे काय ठेवलंय बघावं म्हणून 'आधी'चं झाकण उघडलं, तर समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरनं तोंड फिरवलं!

"अगं, असलं काळं पाणी घेऊन पोरगी सरांपुढे उभी राहणार? काय म्हणतील ते? बाप पाण्याच्या खात्यात होता, आणि ही तऱ्हा!"

"अहो, तिला विचारा तरी," सुनंदा म्हणाली.

"विचारायचं काय? सरप्राइज देऊ."

"तुमची सरप्राइजं निस्तरायला मला आठवडा लागतो."

मी ऐकतो होय! घरात तुरटी नव्हती, म्हणून कोपऱ्यावरच्या सलूनमधून दत्तूकडून एक खडा मागून आणला. मग जो हात चालवला! तुरटी फिरवली, गाळ बसू दिला, फडक्यानं गाळलं, वर इस्त्रीवाल्याकडच्या कोळशातून झिरपवलं. 'नंतर'ची बाटली मुळातच बरी दिसत होती, तिला सोडून दिलं. 'आधी' मात्र अशी लखलखीत झाली की क्षणभर वाटलं, आलाच मेहुणा तर त्याला यातलंच द्यावं.

सोमवारी संध्याकाळी तन्वी घरी आली ती रडतच.

"सगळं गेलं, पप्पा! 'आधी'चं पाणी 'नंतर'पेक्षा स्वच्छ निघालं. मला वाटलं चिठ्ठ्या उलट्या लागल्या, पण निकम सरांनी तपासलं तर त्यात तुरटी! सर म्हणतात, वर कुठेतरी तुरटीचा कारखाना असणार, तो नाल्यात पाणी सोडत असणार. म्हणजे वर्षभर पाणी साफ केलं ते तुरटीनं, माझ्या कर्दळीनं नाहीच! शुक्रवारी प्रबंध द्यायचाय, तोवर कारखाना सापडला नाही तर वर्ष वाया!"

याच क्षणी खरं सांगायला हवं होतं. शब्द घशापर्यंत आलेही होते. पण वाटेत श्रीखंड होतं. ते गिळलं तसे शब्दही खाली गेले आणि तोंडातून निघालं ते असं: "रडतेस काय? आपण शोधू तो कारखाना!"

सुनंदानं माझ्याकडे असं बघितलं की बॉयलर थंड पडावा.

मंगळवारी सकाळी आमची मोहीम निघाली. पुढे निकम सर त्यांच्या मोटारसायकलवर, मागे तन्वीच्या स्कूटीवर मी. सर साधा माणूस, पण तपासाचा किडा. आणि मी? मी तर सरांपेक्षा जोरात! लाँड्रीत शिरलो, रंगाऱ्याला हटकलं, नाल्याकाठी पापड लाटणाऱ्या एका मावशींची अशी उलटतपासणी घेतली की मला महापालिकेचा साहेब समजून त्यांनी दोन पापड भाजून दिले. (चांगले होते.)

"काका, तुमचा उत्साह दांडगा आहे हं!" सर म्हणाले.

"अहो सर, पोरीसाठी एवढं नको करायला?"

परत फिरताना कोपऱ्यावर सरांनी करकचून ब्रेक मारला. "सलून! तुरटी तर इथेही असते!"

"सर, ऊन फार झालंय," मी घाईघाईनं म्हणालो. "घरी चहा घेऊ. पोहे घेऊ. जेवूनच जा!"

पण सर आत. मागोमाग तन्वी. आणि आतून दत्तूची हाक, "या या काका! पुरली का तुरटी? रविवारी केवढा खडा नेलात! मी म्हटलं, काका चार वेळा दाढी करतात की काय!"

दुकानातला पंखासुद्धा थांबला. (लाइट गेली होती. पण वेळ बघा तिची!)

"पप्पा," तन्वी एकेक अक्षर तोडत म्हणाली, "रविवारी? तुरटी? तुम्ही?"

मी सगळं कबूल केलं. फडकं, कोळसा, बॉयलर, सगळं. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"तन्वी, कारखाना सापडला. सकाळपासून तुझ्याच गाडीवर मागे बसून फिरतोय."

दत्तूच्या खुर्चीतलं गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनिशी हसायला लागलं. मला वाटलं, आता पोरगी दत्तूचाच वस्तरा उचलते. पण तिचे डोळे चमकले.

"सर, म्हणजे... म्हणजे माझी कर्दळ काम करतेय!"

बुधवारी सरांसमोर पुन्हा नमुने घेतले. मला वीस पावलं लांब, एका दगडावर बसवलं होतं. 'आधी'चं पाणी तसंच काळंकुट्ट. आणि वाफ्याच्या पलीकडून जी धार पडली ना, ती मला दगडावरूनही दिसली. नितळ! खालची खडी मोजून घ्यावी! तीस वर्षं मी पोत्यांनी तुरटी ओतली, आणि इथे चार कर्दळी लाल फुलं डोक्यावर मिरवत उभ्या राहून तेच काम फुकटात करत होत्या. दत्तू दुकान सोडून बघायला आला होता. त्यानं तिथल्या तिथे जाहीर केलं की सलूनमागच्या नाल्यालाही अशीच कर्दळ लावायची, आणि पापडवाल्या मावशी म्हणाल्या, "माझ्या दारापासून सुरुवात करा, साहेब." साहेब म्हणजे मी. मी मान खाली घातली.

सर मात्र त्या नितळ धारेकडे वाकून वाकून बघत होते. मग हळूच माझ्याकडे वळले.

"काका, जरा इकडे या. खिसे दाखवा."

तन्वीचा प्रबंध आता विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. त्याच्या शेवटच्या पानावर सरांनी आग्रहानं लिहून घेतलेलं एक वाक्य आहे. आमच्या घराण्यातल्या पुरुषाचं छापून आलेलं हे पहिलंच लिखाण: 'सदर पाण्याला मी हात लावलेला नाही.' खाली माझी सही. त्याखाली साक्षीदार म्हणून सुनंदाची सही. आणि सहीपुढे तिनं स्वतःच्या अक्षरात, कंसात लिहिलंय, '(या वेळी.)'